पहिल्या तेलाचं काळं पाणी

टाकीवर वाकल्याबरोबर जाझिया वासाने झटकन मागे सरली. गावचं सांडपाणी साफ करायची टाकी, वास असणारच, आणि इथेच कामाला असल्याने तो तिला चालायचा. ओल्या मातीसारखा. टाकीतले जंतू धडधाकट असले की सगळ्यांची घाण खातात आणि तसा वास सोडतात. आज मात्र कुजकी अंडी नि आंबलेला पाला एकत्र घुसळल्यासारखं काहीतरी वर येत होतं. त्यावर काळा, तेलकट फेस. जंतू मरत होते.

"हे ऑलिव्हच्या घाण्याचं पाणी," ती तिथल्या मुख्य अधिकाऱ्यांना, लमजद साहेबांना, म्हणाली.

साहेबांनी नाकावरचा रुमाल हलवला नाही. "संध्याकाळपर्यंत थांबलं नाही तर सगळं तसंच मेजर्दा नदीत सोडावं लागेल. टाकीच मेली तर मी काय करू?"

"खालच्या वस्तीतली पोरं डुंबतात नदीत. भाज्यांना तेच पाणी घालतात."

"मग जा, थांबव."

गावात घाणा एकच, तिच्या मामाचा. तरी ती रस्त्यातली झाकणं उचलत गेली. प्रत्येक चेंबरात तोच काळा रस्सा. मामाचं फाटक ओलांडून वरच्या अंगाच्या चेंबरात मात्र रोजचं राखाडी पाणी. झालं, आता शंकाच नको.

आत मेजवानी चालली होती. हंगामातलं पहिलं तेल निघालेलं. अर्धं गाव गरम रोट्या घेऊन बसलेलं, हिरव्या तेलात तुकडे बुडवतंय, हनुवट्यांवरून तेल ओघळतंय. आणि त्यांच्याच पायांजवळून काळा ओहोळ जमिनीतल्या जाळीत उतरत होता. कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"ये गं, गटारराणी," तिजानी मामा म्हणाला. लोक खिदळले. "हात धुतलेस का?"

"मामा, हे पाणी गटारात का सोडतोस? मागे सुकवायला खड्डा आहे ना?"

"भरला तो. आणि पोरी, ऑलिव्ह म्हणजे देवाने बरकत दिलेलं झाड. त्याच्या पाण्याने घाण होते होय? उलट तुझं गटार पाक-साफ होईल."

"माझे जंतू मेले त्याने."

"जंतूंचं सुतक पाळतेय ही," मामी बोटं चाटत म्हणाली. "लग्न कर बाई."

मामाने तेलात बुडवलेला तुकडा तिच्या तोंडासमोर धरला. तिला टाकीवरचा फेस दिसला. ती वळली आणि बाहेर पडली.

गाडीतून तिने पाइप बंद करायचा रबरी फुगा काढला आणि फाटकाबाहेरच्या चेंबरात उतरली. घोट्यापर्यंत गार, चिकट, काळं. घाण्याच्या पाइपात फुगा बसवला आणि घट्ट होईपर्यंत पंप मारत राहिली.

थोड्या वेळाने आत आरडाओरडा झाला. जाळीतून काळं पाणी उलटं वर येत होतं. बायका झगे उचलून बाकांवर चढल्या. रोट्यांची टोपली तरंगली.

"काय केलंस गं?" मामा फाटकात आला. चपला काळ्या झालेल्या.

"तुझं पाक पाणी तुझ्याकडे परत पाठवलं."

"सख्ख्या मामाच्या घरात घाण करतेस?"

"आता घाण झाली होय ती?"

पाणी उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा मामा शिव्या घालत आत गेला आणि घाणा बंद केला. जाझियाने साहेबांना फोन लावला. "बंद झालंय. नदीचा दरवाजा उघडू नका."

"मग काढ आता फुगा," मामी बाकावरून म्हणाली.

"आधी टँकर बोलवा. हे उपसून न्या. मग काढते."

ती चेंबरच्या कडेला बसून राहिली. बाहेर पडणारा प्रत्येक जण तिच्याजवळून जाताना नाक दाबत होता.