न बघता झेललेला चेंडू

पिंपरीच्या औषध कारखान्याची वसाहत नुकती उभी राहिली होती, तेव्हाची, सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. कुसुमताईंच्या शेजारच्या खोल्यांत यशवंतराव नावाचे कारकून आई आणि बायकोला घेऊन राहायला आले. बायकोचं नाव शालन. पहिल्या सकाळी ती नळावरून घागर उचलून वळली आणि कुसुमताई जागच्या जागी थबकल्या. ही तर वत्सला!

कुसुमताई पुण्यात शाळेत होत्या तेव्हा वरच्या वर्गातली वत्सला बास्केटबॉल खेळायची. तसं खेळताना त्यांनी दुसऱ्या कुणालाच पाहिलं नव्हतं. डावीकडे बघत ती चेंडू उजवीकडे द्यायची. धावता धावता पाठीमागून हात असा फिरवायची की अडवायला आलेल्या पोरी एकमेकींवर आदळायच्या. हे नियमात बसतं का, म्हणून पंचांनी एकदा खेळ थांबवून आपसात खल केला होता. तिला पाहायला माणसं कुंपणावर चढून बसत. कुसुमताईंनी तिच्यासारखी वेणी घातली, तिच्यासारखं चालून पाहिलं. बोलायचा धीर मात्र कधी झाला नाही.

आता नळावर तो झाला. पण शालननं विषयच उडवून लावला. आपण साताऱ्याकडच्या, पुण्यात कधी राहिलोच नाही, म्हणाली आणि घागर घेऊन निघून गेली. लग्नात नाव बदललं असणार, हे कुसुमताईंना कळत होतं. लपवण्यामागे काही कारण असेल, हे मनात आलं नाही. तिनं आपल्याला खोटं पाडलं, ते टोचत राहिलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू कुसुमताईंकडे होतं. शालन सासूबरोबर, अंबुबाईंबरोबर आली. बोलता बोलता कुसुमताईंनी वत्सलेच्या खेळाचं वर्णन सुरू केलं. बायका रंगून ऐकू लागल्या, तशी ती वत्सला म्हणजे ही शालनच, असं कुसुमताई सांगून बसल्या. शालननं हसून नकारार्थी मान हलवली. बायका कुसुमताईंचीच थट्टा करू लागल्या. थोड्या वेळानं शालन शेजारणीशी बोलत असताना कुसुमताईंनी मुलांचा रबरी चेंडू उचलला, "वत्सला!" म्हणून हाक मारली आणि फेकला.

शालनची मान वळली नाही. हात तेवढा मागे गेला आणि चेंडू अलगद बोटांत बसला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अंबुबाई उठल्या.

"मुलगी कधी चारचौघांत खेळली नाही, असं तुझ्या वडिलांनी देवासमोर सांगितलं होतं," त्या सुनेला हळूच म्हणाल्या. दोघी निघून गेल्या.

त्यानंतर पाण्याला अंबुबाईच येऊ लागल्या. काही दिवसांनी कुसुमताई माफी मागायला गेल्या. शालन दारातच उभी राहिली. तुमच्यासारखं कुणी खेळलं नाही, एवढंच कुसुमताईंच्या तोंडून निघालं.

"ते मला माहीत होतं," शालन म्हणाली. "त्याच खेळापायी माझं एकदा ठरलेलं लग्न मोडलं, म्हणून वडील खोटं बोलले. आता त्यांना या घरी यायची बंदी झालीय."

कुसुमताई खालमानेनं परतल्या. चेंडू तिच्या हातात बसला तो क्षण आठवला की अजूनही त्यांच्या अंगावर आनंदानं काटा येई, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटे.

उन्हाळ्यात यशवंतरावांनी चिंचवड गावात खोली घेतली. बैलगाडीत सामान चढत होतं तेव्हा बायका निरोप द्यायला गेल्या. कुसुमताई कडी लावून आत बसून राहिल्या.