वॉल्टरचं दोनशे बारावं मरण

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मागाहून बोटं मोडायला नकोत. ज्याच्यावर हे गुदरलं तो जयप्रकाश खांबेटे इथेच खिडकीपाशी चहा घेऊन बसलाय, पण त्याला विचारू नका. स्वतःचं कौतुक निघालं की तो साफ नाही म्हणतो.

तर जपानातल्या त्सुकुबाच्या आपल्या वस्तीत वॉल्टर नावाचा एक अमेरिकन नट राहायचा. वय एकाहत्तर. बायको इथली, म्हणून म्हातारपणी इथे आलेला. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणि टीव्हीवर त्याने चाळीस वर्षं काढली आणि त्या चाळीस वर्षांत तो दोनशे अकरा वेळा मेला. विष पिऊन, जिन्यावरून गडगडून, बोटीतून ढकलला जाऊन. वाक्यं त्याला फारशी कुणी दिली नाहीत, पण मरावं तर वॉल्टरनेच. एका नाटकात तो पहिल्याच अंकात मरायचा आणि पडदा पडेपर्यंत सोफ्यामागे पडून राहायचा. आठवड्याला आठ प्रयोग, सलग दोन वर्षं. एकदा उंदराने त्याची अर्धी मिशी कुरतडली, पापणी हलली नाही. टीव्हीच्या एका पोलिसी मालिकेत तर सेटवरच्या खऱ्या डॉक्टरने त्याच्या मृत्यूचा दाखला लिहून टाकला. तो रद्द करून घ्यायला बिचाऱ्याने तीन महिने कचेऱ्यांत जिवंतपणाचे पुरावे दिले.

इथे त्याला असलं काम कोण देणार? लग्नाच्या हॉलमध्ये पाद्र्याचा झगा घालून तो जपानी जोडप्यांची लग्नं लावायचा. गोरा चेहरा आणि भरदार आवाज, एवढंच लागतं. मरायला मिळत नाही म्हणून झुरत होता.

गेल्या सप्टेंबरात वस्तीच्या समितीची पाळी जयप्रकाशवर आली. दर वर्षी ती एकेका घरावर येते, परदेशी म्हणून सुटका नाही. कचऱ्याच्या जागेवर नजर ठेवायची आणि भूकंपाची कवायत घडवून आणायची. कवायतीत काही लोक जखमी होऊन मैदानात पडतात, त्यांच्या मनगटांना रंगीत पट्ट्या बांधतात. हिरवी म्हणजे थांबू शकेल, पिवळी म्हणजे लवकर, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. आणि काळी म्हणजे संपला. काळ्यापाशी थांबायचं नाही. तेवढ्या वेळात दुसरा कुणी वाचू शकतो.

"काळी मला दे, जेपी," वॉल्टर म्हणाला. "अट एकच. मी पडलो की हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. मेलेल्याला उठवलेलं मला चालत नाही."

"आणि मुंगी चावली तर?"

"तिला चावू दे. तिलाही काम असतं."

रविवारी सकाळी दहाला शाळेच्या मैदानात साठ माणसं जमली. समितीचे अध्यक्ष ओगावा-सान, वय अठ्ठ्याहत्तर, भोंगा आणि स्टॉपवॉच घेऊन खुर्चीवर बसले. अग्निशमन दलाचा अधिकारी गुण द्यायला हजर. आदल्या वर्षी कुणी एक बाई काळ्या पट्टीपाशी थांबून रडल्या होत्या, तर सबंध वस्तीचे गुण कापले गेले होते. म्हणून ओगावा-साननी जयप्रकाशला तीनदा बजावलं, "खांबेटे-सान, काळ्यापाशी नाही."

जयप्रकाश हातात बोर्ड धरून पहिल्यांदा वॉल्टरजवळून गेला तेव्हा त्याला कौतुकच वाटलं. तोंड उघडं, एक बूट निघालेला, छाती दगडासारखी.

दुसऱ्यांदा गेला तेव्हा वॉल्टरच्या वरच्या ओठावर घाम होता. ऊन आहे, जयप्रकाश मनाशी म्हणाला. पण सावली होती. वॉल्टरने जागा झाडाखालचीच मागून घेतली होती.

तिसऱ्यांदा त्याने डावा हात पाहिला. बोटं गवत मुठीत धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. ओठ जांभळट झालेले. जयप्रकाश वाकून बूट बांधल्यासारखं करत हळूच म्हणाला, "वॉल्टर-सान, बरे आहात ना?"

उत्तर नाही. पण उत्तर द्यायचंच नाही असं ठरलेलं. हा माणूस उंदरालाही हलला नव्हता. आता हात लावावा आणि त्याने एक डोळा उघडून साठ माणसांसमोर शिवी हासडावी? आणि लावला नाही, आणि हे खरंच असलं तर? बोर्डावरचं पेन त्याच्या घामाने निसटायला लागलं. शेजारी दोन स्वयंसेवक आले, मनगट बघितलं, नियमाप्रमाणे मान लववली आणि पुढे गेले. त्यांच्यामागून आणखी दोघं. तीही मान लववून गेली. साठ माणसं, आणि वॉल्टरकडे बघणारं एकही नाही, कारण सगळ्यांनी नियम नीट पाठ केला होता.

गवत धरणारी बोटं थांबली.

"खांबेटे-सान," भोंगा बोलला, "चार मिनिटं उरली. काळ्यापाशी नाही."

आणि मंडळी, आपल्या जयप्रकाशने बोर्ड भिरकावला. काळी पट्टी दाताने तोडली. वॉल्टरच्या छातीवर दोन्ही हातांनी असा दाब द्यायला लागला की मैदानातली धूळ उडाली. शाळेच्या भिंतीवरचं शॉक द्यायचं यंत्र आणलं. ते जपानीत सूचना सांगू लागलं, ह्याला त्यातलं ओ की ठो कळेना, तर यंत्राने घसा खाकरून स्वच्छ मराठीत सांगितलं, "बाजूला व्हा." एक झटका, दोन झटके, आणि तिसऱ्याला वॉल्टर ताडकन उठून बसला. साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. अग्निशमनवाल्याने पैकीच्या पैकी गुण दिले. वॉल्टरने जयप्रकाशची कॉलर धरली आणि म्हणाला, "जेपी, दोनशे बारावं मरण माझं सगळ्यात चांगलं झालं असतं, तू घाण केलीस."

"खोटं आहे, काका," खिडकीपाशी कपबशी ठेवत जयप्रकाश म्हणाला. "तो उठला नाही. मी बोर्ड खाली ठेवला नव्हता. चार मिनिटं उरली होती, म्हणून मी पिवळ्या पट्टीच्या आजींकडे गेलो."