चौकशीत पोरगी चांगली निघाली

आमच्या साहेबांना अधूनमधून एखादं खूळ येतं आणि ते थेट माझ्या टेबलावर येऊन बसतं. या वेळचं खूळ होतं शिकाऊ मुलांच्या चौकशीचं. कुठल्याशा मित्राकडे शिकायला आलेल्या पोरानं खोटं सर्टिफिकेट दाखवलं होतं म्हणे. झालं. आता आपल्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची कुंडली काढायची.

आमची लॅब कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवतात, आम्ही त्यावरून प्लॅस्टरचे साचे करतो, मेणात दात बसवून बघतो आणि मग कवळी घडवतो. इथून कुणी चोरून चोरून काय नेणार? दुसऱ्याची कवळी तोंडात बसतसुद्धा नाही. मी साहेबांना तेच म्हटलं. या पोरांना आपण देतो फक्त जाण्यायेण्याचं भाडं आणि चौकशी मात्र घरजावई करून घ्यायचा असल्यासारखी. तपासायचंच असेल तर आधी हिशेबनीसाला तपासा, हात धुवायचा साबण दर आठवड्याला कुठे गडप होतो ते तरी कळेल, असंही म्हटलं. साहेब हसले. ते हसले की निर्णय झालेला असतो. मीही फार ताणलं नाही. हल्ली मला सकाळी खुर्चीत बसतानाच थकल्यासारखं वाटतं, त्यात भांडण कोण ओढवून घेणार.

तेव्हा शिकाऊ म्हणून एकच मुलगी होती. सगळे तिला मेणबत्ती म्हणायचे. उंच, काडीसारखी, दिवसभर मेणात हात. बोलणं कामापुरतं. आमचे मोठे कारागीर कुणाचं कौतुक करतील तर शपथ, पण तिनं बसवलेली दातांची ओळ उजेडात धरून ते एकदा "हं" म्हणाले होते. ते "हं" लॅबभर गाजलं. शिकणं संपलं की तिला कायम करायचं हे जवळजवळ ठरलंच होतं. आई शिवणकाम करायची, दोघीच राहायच्या, आणि या नोकरीकडे दोघी डोळे लावून बसल्या होत्या.

साहेबांनी तिची कागदपत्रं परस्पर एका एजन्सीकडे धाडली. रिपोर्ट आला तो एकदम झकास. मुलीवर कसला डाग नाही, घर खाऊनपिऊन सुखी, वडील अतिशय सज्जन आणि लेकीविषयी भरभरून बोलणारे. साहेब खूश. बघा, तुम्ही उगाच कुरकुरत होता, असं मला ऐकवलं आणि मुलीला गोड बातमी द्यायला सांगितलं.

वडिलांचा विषय तिनं कधी काढला नव्हता, मी समजले, कामासाठी कुठे लांब राहत असतील. मी तिला टेबलाशी बोलावलं. म्हटलं, चौकशी झाली, चांगली निघालीस, आता कायमची ऑर्डर येईल. वडिलांनी किती कौतुक केलं तुझं, तेही सांगितलं. वाटलं, पोरगी हसेल तरी. तिच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. तिनं टेबलाची कड धरली.

"काकू, त्यांना लॅबचं नाव सांगितलं?"

मी एजन्सीला फोन लावला. या लोकांची एक रीत असते. चौकशीला आलोय म्हटलं तर दारात कोण उभं करणार? म्हणून ते अभिनंदन करतात. तुमची मुलगी अमक्या लॅबमध्ये लागतेय, फक्त पत्त्याची खात्री करायची आहे, असं म्हटलं की घरचे खुर्ची देतात, चहा देतात, मोकळं बोलतात. मुलीच्या ओळखपत्रावर जुन्या घराचा पत्ता होता. एजन्सीचा माणूस तिथे गेला, चहा प्यायला आणि लॅबचं नाव, पत्ता, सगळं सांगून आला.

"आईचे पुढचे दात त्यांनी पाडलेत, काकू," ती म्हणाली. "म्हणून तर मी हे शिकायला आले. किती घरं बदलली तेव्हा कुठे त्यांना पत्ता लागेनासा झाला होता."

तिनं ॲप्रन काढून घडी घातली, अर्धवट राहिलेलं काम मोठ्या कारागिरांच्या हवाली केलं आणि मागच्या दारानं गेली. जाताना एवढंच म्हणाली की कुणीही विचारलं तरी मी इथे नव्हतेच म्हणा. कुणीही. बाईचा आवाज असला तरी, कारण ते कुणाकडूनही फोन करवतात. मी कबूल केलं.

दुसऱ्याच दिवशी वडील हजर. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, मला ताई ताई म्हणत होते. लेक रागावून गेलीय, जरा पत्ता मिळाला तर बरं, आईला मन असतं तसं बापालाही असतं. इतकं गोड बोलत होते की बाकीच्यांचे डोळे पाणावले. साहेब तर मला म्हणाले, अहो, द्या ना पत्ता. मी म्हटलं, अशी मुलगी आमच्याकडे नाही, एजन्सीची चूक झाली असेल. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग नमस्कार करून गेले आणि समोरच्या पानाच्या टपरीपाशी लॅब बंद होईपर्यंत उभे राहिले.

साहेब माझ्यावर उखडले. मग मी दार लावून त्यांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही तो, खुर्चीत बसूनच राहिला.

"पण रिपोर्टमध्ये तर किती सज्जन..."

"रिपोर्ट तिचा काढला होता, साहेब. त्याचा कुठे काढला?"

त्यानंतर शिकाऊ मुलांच्या चौकशीचं नाव कुणी काढलं नाही. खूळ गेलं. जाताना पोरीला घेऊन गेलं, एवढंच.

पुढे बरेच दिवस गेले. एके दुपारी फोन वाजला. कुणी बाई होत्या, चौकशी एजन्सीमधून बोलतेय म्हणाल्या. एका मुलीनं कामासाठी अर्ज केलाय, तुमच्याकडे मेणाचं काम शिकले असं सांगते, खरं आहे का? त्यांनी नाव घेतलं. तिचंच. नुसती खात्री करायची आहे, म्हणाल्या, मुलगी चांगली वाटते, हातात कसब आहे, फक्त अनुभवाचं कळलं की तिचं काम होऊन जाईल.

माझ्या जिभेवर होतं सगळं. ते "हं" सुद्धा सांगावंसं वाटलं. मी विचारलं, कोणत्या लॅबसाठी विचारताय? ते सांगता येत नाही, म्हणाल्या, आमच्याकडे गुप्तता पाळतात. अशा एजन्सीची बाई असंच म्हणणार. आणि तिच्या बापानं फोनवर बसवलेली बाईसुद्धा असंच म्हणणार. आवाज दमलेला होता, माझ्यासारखाच. मागे टाइप केल्याचा आवाज येत होता. खरी असावी. बहुतेक खरीच असावी.

"अशी कोणी मुलगी आमच्याकडे नव्हती," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी सुस्कारा सोडला. "म्हणजे खोटं बोलली," त्या म्हणाल्या. "वाटत नव्हती हो तशी." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.