डोंबिवलीची लिओना

माजिवड्याच्या चर्चचा यूथ ग्रुप म्हणजे जोविटा, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. कॉलेजात असल्यापासून ती ते सांभाळत होती. नाताळात घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांना कुलकुलांचा गोड खाऊ आणि कपड्यांच्या पिशव्या वाटायच्या, मे महिन्यात शिबिर घ्यायचं, ईस्टरआधीच्या उपवासकाळात वस्तीत जाऊन पथनाट्य करायचं. नोकरी लागली, तिशी आली, लग्नाची बोलणी होऊन फिसकटली, पण रविवार तिने दुसऱ्या कुणाला दिला नाही. पाहुण्यांशी ओळख करून देताना फादर लिनो म्हणायचे, "ही जोविटा. ही नसेल तर आमची पॅरिश बंद." ती "काहीतरीच काय फादर" म्हणायची आणि ते वाक्य दिवसभर मनात घोळवत बसायची.

मग लिओना आली.

लिओनाचं कुटुंब डोंबिवलीचं. तिथल्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला, त्यात त्यांच्या घराच्या सगळ्या काचा फुटल्या आणि आईच्या कपाळाला टाके पडले. त्यानंतर आई त्या घरात झोपेना. शेवटी ते माजिवड्याला, जोविटाच्याच कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहायला आले. लिओना समाजकार्य शिकलेली, जोविटापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. पहिल्याच रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर ती कुणी न सांगता हॉलमध्ये खुर्च्या लावू लागली. जोविटाला ती आवडली. अगदी मनापासून आवडली. तिनेच लिओनाला ग्रुपवर घेतलं.

जोविटाच्या डोक्यात तेव्हा शिवणवर्ग होता. तिच्या कॉम्प्लेक्समध्ये काम करणाऱ्या बायकांसाठी चर्चच्या हॉलमध्ये मशिनं ठेवायची, दुपारी शिकवायचं. मशिनं कोण देणार तेही तिने ठरवलेलं. बायकांना बोलावलं, त्या आल्या, सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या. त्यांत तुळसा होती. तुळसा जोविटाच्याच घरी कामाला, खाडीकडच्या वस्तीत राहणारी, गेली कित्येक वर्षं रोज सकाळी येणारी. जोविटाने शिवणवर्गाचं सांगितलं. बायकांनी माना हलवल्या. चहा आला.

तेवढ्यात लिओना सतरंजीवर त्यांच्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "शिवणाचं होईल. पण तुम्हाला कामावर त्रास कशाचा होतो? सगळ्यात जास्त?"

मग चंद्रभागा नावाची थोराड बाई तोंडाला पदर लावत म्हणाली, "मुतायला जागा नाही."

बायका खदखदून हसल्या. हसता हसता एकेक बोलायला लागली. सकाळी सातला गेटातून आत शिरायचं ते दोन वाजता बाहेर. घरातलं बाथरूम वापरायचं नाही. तळमजल्यावर संडास आहे, पण तो ड्रायव्हर आणि वॉचमन लोकांसाठी, बायकांना सोसायटीची मनाई. म्हणून पाणीच प्यायचं नाही. तुळसा म्हणाली, "मला दोनदा डॉक्टरकडे जावं लागलं. लघवीला आग व्हायची. डॉक्टर म्हणतो पाणी पी. पाणी पिऊन जाऊ कुठे?"

जोविटा चहाचा कप हातात धरून उभीच राहिली. वाईट वाटलंच तिला. पण त्याच्या आधी, त्याच्या वर दुसरंच काहीतरी आलं. हे तुळसाने लिओनाला सांगितलं. आज पहिल्यांदा भेटलेल्या मुलीला.

दुसऱ्या दिवशी तुळसा भांडी घासत होती तेव्हा जोविटाने विचारलंच. "मावशी, तू मला का नाही कधी बोललीस?"

तुळसाने हात थांबवला नाही. "तुमच्याच घरात कामाला आहे ताई. तुम्हाला काय सांगू?"

त्यानंतर सगळं भराभर फिरलं. शिवणवर्गाचं नाव कुणी काढेना. बुधवारी दुपारी बायका हॉलमध्ये जमायला लागल्या, आणि जोविटा ऑफिसात असायची. संध्याकाळी ती ग्रुपवर फोटो बघायची. लिओना मध्ये बसलेली, तिच्या मांडीवर कुणाचं तरी पोर, यूथची मुलं वहिनी-मावश्यांना पाणी देताहेत. खाली लाल बदामांची रांग. जोविटा कुणी कुणी बदाम टाकलेत ते एकेक करून बघायची आणि मग स्वतःही एक टाकायची, कारण तिने नाही टाकला तर ते दिसलं असतं.

लिओना बायकांना "तुळसाताई, तुम्ही" म्हणायची. जोविटा लहानपणापासून "मावशी, तू" म्हणत आली होती आणि त्यात तिला नेहमी माया वाटत आली होती. आता ते तोंडात यायच्या आधी अडकायला लागलं. हा पण लिओनाचाच गुन्हा.

युवकांच्या रविवारी मिस्सेनंतर दोन शब्द बोलायचा मान दरवर्षी जोविटाचा असायचा. या वर्षी फादर लिनो तिला बाजूला घेऊन म्हणाले, "जोविटा, या वेळी लिओनाला बोलू दे. बायकांचा विषय तिच्याकडे आहे ना. तुला चालेल ना गं?"

"हो फादर, का नाही चालणार."

लिओना बोलली. कागद न घेता, मध्येच अडखळत. ती म्हणाली, "आपण इथे कम्युनियनची भाकर घेऊन घरी जातो आणि आपल्या घरात एक बाई तहानलेली राहते, कारण आपल्याला तिने आपलं बाथरूम वापरलेलं चालत नाही." चर्चमध्ये असं आजवर कुणी बोललं नव्हतं. पुढच्या बाकावरच्या ॲनी आंटी रुमालाने डोळे पुसत होत्या. जोविटाने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवल्या. तळहात झोंबायला लागले.

आपण दरवर्षी काय बोलायचो ते तिला घरी जाताना आठवेना.

उपवासकाळ सुरू झाला तेव्हा बायकांचं ठरलं. येत्या सोमवारी सकाळी सगळ्यांनी मिळून सोसायटीच्या ऑफिसात जायचं आणि तळमजल्याचा संडास आम्हालाही उघडा करा म्हणून सांगायचं. तोवर कुठे बोलायचं नाही, नाहीतर एकेकीला गाठून दम देतील. बोलायचं तुळसाने आणि चंद्रभागाने. हे ठरलं त्या बुधवारी जोविटाने मुद्दाम सुट्टी घेतलेली, ती हॉलमध्ये होती. लिओना तिला मिठी मारून म्हणाली, "बरं झालं तू आलीस! तुझे डॅडी सेक्रेटरी आहेत ना? तू आमच्यात आहेस म्हणून मला धीर आहे."

आमच्यात. जणू काही जोविटाच बाहेरून आली होती.

जोविटाचे वडील फ्लेव्हियन खरंच सोसायटीचे सेक्रेटरी होते. हे कॉम्प्लेक्स उभं आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. बिल्डरला जमीन दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले. त्यामुळे कॉम्प्लेक्सबद्दल ते अजूनही आपल्या शेताबद्दल बोलावं तसं बोलायचे.

शनिवारी नाश्त्याला ते पेपर वाचत होते. जोविटा ब्रेडला लोणी लावत होती. कुणी काही विचारलं नव्हतं.

"सोमवारी तुमच्या ऑफिसात मोर्चा येणार आहे," ती म्हणाली. "कामवाल्यांचा. ती डोंबिवलीची लिओना आहे ना, तिने उठवलंय सगळं. आपली तुळसा आणि ती चंद्रभागा पुढे आहेत."

फ्लेव्हियननी पेपर खाली ठेवला. "मोर्चा?"

"म्हणजे तसंच काहीतरी. मला काय, मी आपलं सांगितलं."

मोर्चा हा शब्द कुणीच वापरला नव्हता. तो तिचा होता. तिला तो उच्चारताना गार वाटलं. ती उठून बेसिनपाशी गेली आणि हात धुत राहिली.

सोमवारी सकाळी गेटवर आनंद नावाच्या वॉचमनने तुळसा आणि चंद्रभागाला अडवलं. दोघींचे गेटपास बंद झाले होते. "वरून ऑर्डर आहे," तो मान खाली घालून म्हणाला. बाकीच्या बायका थबकल्या, एकमेकींकडे बघितलं आणि एकेक करून आत कामाला गेल्या. लिओना गेटबाहेर आनंदशी हुज्जत घालत होती. तिचा आवाज चढला, मग फाटला.

जोविटा बाल्कनीतून बघत होती. लिओना हरलेली तिने पहिल्यांदाच बघितली. आणि तिला आनंद झाला. लपवता येण्यासारखा नव्हता तो. आतून अगदी सरळ, स्वच्छ असा आनंद झाला. मग तिची नजर तुळसाकडे गेली. तुळसा फुटपाथच्या कडेला बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, आणि चंद्रभागा तिला काहीतरी सांगत होती, आणि तुळसा ऐकतच नव्हती.

दिवसभर ऑफिसात जोविटाने काय केलं तिलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी ती खाडीकडच्या वस्तीत गेली. तुळसाच्या दारात पाणी भरलेले ड्रम होते. तुळसाने तिला बघितलं आणि आत बस म्हटलं नाही.

"मावशी, मी डॅडींशी बोलते. पास परत..."

"तुम्हीच सांगितलं ना?"

जोविटाने ओढणी सारखी केली.

"आम्ही दोघी बोलणार, हे बायकांना ठाऊक होतं. बायका स्वतःच्या पोटावर पाय देणार नाहीत. लिओनाताई देणार नाही. मग उरलं कोण?" तुळसा रागावलेली नव्हती, दमलेली होती. "मी तुमचं काय वाकडं केलेलं?"

"तू काही नाही केलंस."

"मग?"

जोविटा म्हणाली, "तू तिला सांगितलंस. मला नाही सांगितलंस." बोलता बोलताच तिला ते किती पोरकट आहे ते ऐकू आलं, पण दुसरं खरं तिच्याकडे नव्हतं.

तुळसाने ड्रमावरचं झाकण नीट बसवलं. "एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "रविवारी तुमच्या सोसायटीची मिटिंग आहे म्हणतात. मला आता कुणी आत घेणार नाही. तुम्हाला घेतील. तिथे सांगा."

मिटिंगला क्लबहाउस भरलं होतं. कधी नव्हे ते फादर लिनो आले होते, कॉम्प्लेक्समध्येच राहणाऱ्या ॲनी आंटींनी त्यांना आणलं होतं. लिओनाला भाडेकरू म्हणून बसू दिलं, बोलायचं नाही या अटीवर. अध्यक्षांनी विषय काढला तो असा: बाहेरचे लोक कामवाल्यांना भडकवताहेत, आज संडास मागतील, उद्या काय मागतील.

जोविटा उभी राहिली. वडील म्हणाले, "बस खाली बेटा, हे कमिटीचं आहे."

"मोर्चा येणार हे मी सांगितलं डॅडींना," ती म्हणाली. "मोर्चा नव्हता. त्या विनंती करायला येणार होत्या. मी मुद्दाम तसं सांगितलं, कारण लिओनाचं सगळे ऐकतात हे मला बघवत नव्हतं. त्या दोघींचं काम माझ्यामुळे गेलं."

खुर्च्या करकरल्या. तिने लिओनाकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"आमच्या घरात तीन बाथरूम आहेत. तुळसा ती तिन्ही रोज घासते. एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही म्हटलं नाही की जा. नाताळात मात्र तिच्या मुलांना पिशव्या देताना फोटो काढलेत मी. तळमजल्याचा संडास बंद ठेवायचा तर ठेवा, पण मग का ठेवलाय ते इथे कुणीतरी तोंडाने बोला."

अस्वच्छता होते असं कुणीतरी मागून पुटपुटलं. ॲनी आंटी तिथल्या तिथे वळल्या आणि म्हणाल्या, "अस्वच्छता कुणाची रे? साफ तर त्याच करतात." कुणीतरी हसलं आणि त्या हसण्याने खोली जरा सैल झाली. त्यानंतर तासभर वादावादी झाली. शेवटी संडास सगळ्यांसाठी उघडायचं ठरलं आणि दोघींचे पास परत सुरू झाले. फ्लेव्हियन सही करून मुलीशी न बोलता घरी गेले. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी मीठ दे, दार लाव एवढंच बोलले.

क्लबहाउसबाहेर लिओना उभी होती. जोविटा तिच्याजवळ गेली.

"मला वाटलं आनंदने सांगितलं," लिओना म्हणाली. "मी त्याला गेटवर सगळ्यांसमोर 'विकला गेलास' म्हटलं. तू वरून बघत होतीस?"

"हो."

"आधी त्याची माफी माग. माझ्याशी आत्ता बोलू नकोस. मला जमणार नाही."

जोविटा त्याच पावली गेटवर गेली. आनंदने ऐकून घेतलं, "ठीक आहे मॅडम" म्हणाला आणि एका गाडीसाठी गेट उघडायला गेला. तेवढंच.

तुळसा कॉम्प्लेक्समध्ये परत आली, आपली जुनी घरं तिने पुन्हा धरली. जोविटाचं घर धरलं नाही. जिन्यात भेटली की "काय ताई" म्हणायची आणि पुढे जायची. घरातली भांडी आता जोविटा घासायची.

ईस्टरच्या रविवारी फादर लिनोंनी वेदीवरून लिओनाचं आणि बायकांचं अभिनंदन केलं. जोविटाचं नाव घेतलं नाही. तिला ठाऊक होतं की घेणं बरोबर दिसलं नसतं. तरी छातीत ते जुनं ओळखीचं चावलंच, आणि ती ते चावू देत बाकावर बसून राहिली.

मे महिन्यात एका दुपारी लिओनाचा फोन आला. आवाज कोरडा होता. "हायवेपलीकडच्या कॉम्प्लेक्समधल्या बायका बोलावताहेत. तिथे तुझ्या ओळखीचं कुणी आहे?"

"माझी आतेबहीण राहते."

"मग बुधवारी ये."

जोविटाने ऑफिसात अर्धी सुट्टी टाकली. तिथल्या बायका एका झाडाखाली जमल्या होत्या. लिओना येताच त्या तिच्याभोवती गोळा झाल्या, कुणी तिचा हात धरला, कुणी पदराने वारा घातला. जोविटाकडे कुणी बघितलं नाही. तिला ते लागलं. लागायचं थांबेल असं तिला आता वाटतही नव्हतं.

सोबत आलेल्या चंद्रभागाने तिला लांब उभी बघितलं. "उभ्या काय राहिलात," ती म्हणाली आणि जराशी सरकली. जोविटा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. समोर एक पोरसवदा बाई लाजत लाजत बोलायला लागली होती, आणि तिचा आवाज इतका बारीक होता की ऐकू येण्यासाठी पुढे वाकावं लागत होतं.