लाल ठिपक्याचं अंडं

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी जर्मन ज्यूंना पकडून नेऊ लागले, तेव्हा आम्ही ग्रीसमधल्या सालोनिकाहून पळून डोंगरातल्या एका खेड्यात आलो आणि एका दुपारी ज्यूचे ख्रिश्चन झालो. खोट्या कागदांवर आई आनास्तासिया झाली, मी कातिना. बाबांचं ग्रीक आमच्या ज्यू बोलीच्या वळणाचं, दोन वाक्यांत पकडलं गेलं असतं, म्हणून त्यांना मुकं-बहिरं ठरवलं. वीस वर्षांच्या संसारात ते इतके सुखी कधी झाले नसतील.

अडचण आईची होती. नाव बदललं, पण अंडं फोडायची पद्धत बदलेना. आधी पेल्यात फोडायचं, उजेडात धरायचं आणि रक्ताचा ठिपका दिसला की फेकायचं. आमच्या धर्मात तसलं अंडं चालत नाही.

"आई, लोक पाला उकडून खाताहेत आणि तू अंडी फेकतेस! कुणी पाहिलं तर मरू सगळे."

"मरू. पण पोट शुद्ध ठेवून मरू."

तिसऱ्याच दिवशी घरमालकीण स्तामातियाबाईंनी पाहिलं. त्या धावत आल्या. "अंडं फेकलंत? अख्खं?"

"आई अंड्यात भविष्य बघते," मी म्हणाले. "वाईट निघालं."

हे तोंडातून कसं गेलं मला आजही माहीत नाही. पण त्या गावात कॉफीच्या गाळात भविष्य बघायची पद्धत होती आणि लढाईत कॉफी संपल्यापासून अख्खं गाव भविष्याविना बसलं होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात सात बायका अंडी घेऊन उभ्या.

"भविष्य सांगणं म्हणजे पाप, कार्टे!" आई दात आवळून पुटपुटली. "तुला जन्म दिला तेव्हाच कुणीतरी मला सांगायला हवं होतं."

"अंड्यात बघायचं होतंस."

मग तिने पेला उचलला. तिला भविष्य येत नव्हतं, म्हणून सतरा वर्षं मला जे ऐकवत होती तेच तिने गावाला ऐकवलं. तो मुलगा बरा नाही. केस बांध. उलट बोलू नकोस, पस्तावशील. मी यातलं एक अक्षर कधी मनावर घेतलं नव्हतं. गाव मात्र रडत रडत तिचे हात धरू लागलं.

महिनाभराने हवालदार स्त्रातोस आला. टोपी काढून बसला, अंडं पुढे केलं.

"मावशी, शहरातले ज्यू या बाजूला लपलेत म्हणतात. कुठे आहेत बघा जरा."

आईने अंडं फोडलं. मसुरीएवढा लाल ठिपका.

"गेले," ती म्हणाली. "होडीत बसून. तुर्कस्तानला."

"असं?" तो पेल्यात डोकावला. "तुम्ही लाल ठिपक्याचं अंडं फेकता म्हणे. ज्यूसुद्धा फेकतात, असं ऐकलंय मी. हे फेकू नका. तळा आणि खा. माझ्यासमोर."

आई ठिपक्याकडे बघत राहिली. मी तिला खूप गोष्टींवरून छळलं होतं, पण ते अंडं तिच्या घशाखाली उतरताना मला बघवलं नसतं. मी पेला ओढला, तवा तापवला, अंडं तळलं आणि चमचा भरून म्हणाले, "आई कुठली खातेय! भूक मला लागलीय."

फाडकन कानाखाली बसली. ताटली उडाली, अंडं हवालदाराच्या बुटावर.

"बुधवारी अंडं?" आई कडाडली. "उपासाच्या दिवशी? निर्लज्ज! आणि तुम्ही हो, हवालदारसाहेब! गळ्यात क्रूस आणि पोरीबाळींचा उपास मोडता? पाद्रीबाबांना सांगू?"

स्त्रातोसने छातीवर क्रूसाची खूण केली. "विसरलोच, मावशी. नका सांगू." अंडं बुटावरच घेऊन तो पायऱ्या उतरला.

बाबा कोपऱ्यात मुके होते, पण आता खरोखरचे.

"तुला कसं माहीत, बुधवारी त्यांचा उपास असतो?" मी गाल चोळत विचारलं.

"आल्या दिवसापासून स्तामातियाबाईंच्या गप्पांतून, न विचारता, सगळं काढून घेतलं. राहायचं त्यांच्यात, तर त्यांचे नियम नकोत माहीत? मी हे सांगायला तोंड उघडणार, तोवर तू तवा घेऊन पळालीस." ती माझ्या गालाकडे बघत राहिली. "खाल्लंही असतंस माझ्याऐवजी."

"भुकेने."

"खोटारडी."

"कुणाची पोरगी?"

तिने ओलं फडकं आणून माझ्या गालावर दाबलं, जरा जास्तच जोरात. मी हलले नाही.

"अजून कुठले उपास आहेत यांचे?" मी विचारलं.

ती एकदम टवटवीत झाली. "शुक्रवार. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस. मग ऑगस्टात पंधरा..."

ती सांगत राहिली. उपास पुष्कळ होते.