पडद्याच्या आत

हिलाल प्रकाशा गावाजवळच्या केळीच्या मळ्यात वाढलेला. मेल नर्स झाला तेव्हाच भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. आता बासष्ट साली तो दवाखान्याच्या नर्सिंग वर्गात पोरींना शिकवू लागला, तर गावाच्या तोंडाला झाकणच उरलं नाही.

त्याला शिकवायचं कसं हे शिकवत होत्या वर्गाच्या मुख्य, सिंधुबाई. जीभ तिखट. पहिल्या दिवशी हिलाल पोरींकडे पाठ करून फळ्याशीच बोलत राहिला, तेव्हा बाईंनी त्याच्या हातातला खडूच काढून घेतला.

"फळ्याले ताप येस का रे? खाटजोडे ये!"

तेव्हापासून तो सरावाच्या खाटेजवळ उभा राहून शिकवायला लागला आणि त्याला ते मनापासून आवडायलाही लागलं. अन् एका सकाळी दवाखान्याचे अध्यक्ष चुनीलालशेठ भर वर्गात घुसले.

"माणूस मास्तर पोरीसले पेशंटनं आंग पुसानं शिकाडस? गावमा तोंड दखाडाले जागा नही ऱ्हायनी! उद्यापासून हिलाल कोठारमा चादरी मोजी."

हिलालची मान खाली गेली. बाई आता शेठची खरडपट्टी काढतील असं त्याला वाटलं. पण त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ सरावाच्या खाटेवर जाऊन आडव्या झाल्या.

"मी पेशंट. अर्धं आंग लुळं पडेल शे मन्हं. चाल, शिकाड पोरीसले."

पन्नाशीची बाई, अख्ख्या दवाखान्याला धाक असलेली, डोळे मिटून त्याच्या हवाली पडून होती. हिलालला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. मग त्याला शेठचा रागच आला, चांगला सणसणीत. त्याने कोमट पाण्यात हात घालून पाहिला, फडकं पिळलं आणि वाकून विचारलं, "माय, आंग पुसू का तुन्हं?"

"पूस रे भो."

पोरी खाटेभोवती सरकल्या. त्याने आडोशाच्या पडद्याची चौकट ओढायला घेतली. शेठ मध्येच उभे.

"शेठ, बाहेर थांबा. पेशंटनं आंग पुसानं शे."

"माले बाहेर काढस? हाऊ दवाखाना मन्हा शे!"

"व्हय शेठ, दवाखाना तुमना," हिलाल म्हणाला. "पेशंट मन्हा शे."

आणि त्याने शेठच्या नाकासमोर पडदा ओढला.