बारा सप्टेंबर

खंडेनवमीच्या सकाळी नऊ वाजता तेजस्विनीने कॉम्प्युटर सुरू केला, आणि आदल्या दिवशीचं काम पुन्हा गायब झालेलं होतं. सातवी वेळ. पहिल्यांदा ती ओरडली होती, दुसऱ्यांदा रडली होती. आज तिने नुसती खुर्ची मागे सरकवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

सातपूरच्या एमआयडीसीत खाली लेथचं वर्कशॉप आणि जिना चढून गेलं की सॉफ्टवेअरची कंपनी, असा शेखर सरांचा कारभार होता. खालचं वडिलांचं, रंगनाथ अण्णांचं. अण्णा जाऊन पाच वर्षं झाली होती. वरचं सरांचं स्वतःचं. बेदाणे निवडायचं मशीन खाली बनायचं आणि त्याला अक्कल वर दिली जायची. पट्ट्यावरून बेदाणे कॅमेऱ्याखाली धावतात, डागाळलेला दिसला की हवेची एक फुंकर त्याला बाजूला उडवते. ती फुंकर नेमकी केव्हा मारायची, एवढंच तेजस्विनीला लिहायचं होतं. एवढंच म्हणजे आठशे ओळी.

आणि त्या आठशे ओळींवर तिचं सगळं अडलं होतं. नोकरीला लागताना दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंतची मूळ प्रमाणपत्रं खाकी पाकिटात घालून सरांकडे ठेवायची आणि दोन वर्षं सोडून जायचं नाही, असा इथला रिवाज. तिची दोन वर्षं गेल्या महिन्यातच भरली होती. पुण्याच्या कंपनीने सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं, आणि मूळ कागद नसतील तर येऊच नका, हेही. सर नाही म्हणत नव्हते. सर कधीच कशाला नाही म्हणत नसत, हीच तर खरी अडचण होती. "अगं, पाकीट तुझंच आहे," ते म्हणायचे, "बेदाण्याचं मशीन खंडेनवमीच्या पूजेआधी चालवून दाखव आणि खुशाल घेऊन जा." पूजा साडेबाराला होती.

हा प्रकार घटस्थापनेपासून चालला होता. संध्याकाळी सेव्ह केलेली फाईल सकाळी उघडावी तर आठवड्यापूर्वीची. नव्या नावाने ठेवलेली फाईल तर नावालाही उरायची नाही. तिने कोड लिहायचं टूल काढून पुन्हा टाकलं, व्हायरस शोधला, डिस्क तपासली. काही नाही. बाकीच्यांच्याही फायली जायच्या, पण सरांपुढे कुणी तोंड उघडत नव्हतं. बाहेर न्यावं तर पेनड्राइव्हला बंदी, मोबाईल गेटवर जमा, कॉम्प्युटरला नेट नाही. यंत्र रात्रभर चालू ठेवावं तर सहाला मेन स्विच खाली. सरांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "सेव्ह करायला विसरत असशील. लक्ष पुण्याकडे लागलंय ना!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिने मुख्य हिशेब वहीत उतरवून ठेवले आणि रोज सकाळी तेच ते पुन्हा लिहीत बसली. ओझरहून तिची आई, साळूबाई, म्हणाली, "दीष्ट लागली असंल, लिंबू ठिव." तिने ठेवलं. दुसऱ्या दिवशी लिंबू जागेवर होतं, काम नव्हतं.

काल संध्याकाळी सगळं लिहून झालं होतं. खाली मशीनवर चढवायला पाच मिनिटं हवी होती, पण वर्कशॉपला कुलूप लागलं होतं. आणि आज आठशे ओळी साडेतीन तासांत लिहिणं तिच्याच्याने होणार नव्हतं. आपण इथून कधीच बाहेर पडणार नाही, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं.

श्वास घ्यायला म्हणून ती खाली आली. वर्कशॉपमध्ये लेथ पुसून, तेल देऊन चकाचक झाले होते. तीस वर्षं इथला मुख्य फिटर असलेले अकबरकाका एक ड्रिल मशीन फडक्यात गुंडाळून निघाले होते.

"कुठं निघालात काका?"

"बाजूच्या शेडमधून आणलं होतं, ते देऊन येतो. उसनं हत्यार पुजायचं नस्तं बेटा. आधी ज्याचं त्याला द्यायचं, मंग आपल्या हत्याराला हात जोडायचे. अण्णांची शिकवण हाय." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तोंड का असं उतरलं?"

"काही नाही," ती म्हणाली. कुणाला काय काय सांगणार?

वर साक्षी आली होती. दीड महिन्यापूर्वी लागलेली, लासलगावची, अजून प्रश्न विचारायची भीड न पडलेली. नवरात्राचा आजचा रंग जांभळा म्हणून जांभळा कुर्ता घालून, ताईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तेजस्विनीने सवयीने रिकाम्या फाईलच्या पहिल्या ओळीत टाईप केलं: आज जांभळा.

"ताई, तुम्ही रंग का लिहिता? तारीख का नाय लिहीत?"

"यंत्रातली तारीख खोटी आहे गं. मग काही तरी खूण हवी ना."

"पण मग त्या डब्याला माहितेय का, तारीख खोटी हाय ते?"

डबा म्हणजे बॅकअपचा नवा बॉक्स. नवी वस्तू मुहूर्तावर घ्यायची म्हणून सरांनी घटस्थापनेला आणून, नारळ फोडून, कोपऱ्यात बसवलेला. रोज सकाळी यंत्रं सुरू झाली की डबा सगळ्यांच्या फायली आपल्याकडच्या फायलींशी ताडून बघायचा, आणि दोन्हींत जी नवी असेल ती ठेवायचा; आपल्याकडे नसलेली जुन्या तारखेची फाईल टाकाऊ समजून काढून टाकायचा.

तेजस्विनीचे हात कीबोर्डवर थांबले. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती. बारा सप्टेंबर. दोन वर्षांपूर्वीचा.

घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं की चार दिवसांनी ते कुणालाच दिसेनासं होतं, तसं झालं होतं. डब्यात खरी तारीख होती. म्हणजे तिने काल संध्याकाळी लिहिलेली फाईल डब्याच्या लेखी दोन वर्षांची शिळी, आणि घटस्थापनेला त्याने उतरवून घेतलेली फाईल ताजी. तो इमानाने रोज सकाळी शिळं काढून ताजं वाढत होता.

आणि ही खोटी तारीख लावली कुणी? तिला नोकरी लागून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा कोड लिहायच्या त्या टूलची मुदत संपत आली होती. सरांना ते पुन्हा विकत घ्यायचं जिवावर आलं होतं. तेव्हा या तेजस्विनीबाईंनीच पुढे होऊन अशी तजवीज केली की यंत्र सुरू झालं की कॅलेंडर आपोआप बारा सप्टेंबरवर यावं. टूलला वाटावं, मुदत अजून आहे. सरांनी पाठ थोपटली, सगळ्यांना पेढे वाटले. तेव्हापासून या ऑफिसात रोज बारा सप्टेंबरच उजाडत होता. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण सात दिवस पडत होतो हे कळल्यावर तिला स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली.

बरं, आता करायचं काय? तारीख खरी करावी तर टूल उघडणार नाही. खोटी ठेवावी तर डबा खाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"साक्षी, आधी डब्याची वायर काढ!"

मग तिने डबा फक्त आपल्या यंत्राला जोडून त्याचंच पोट तपासायला घेतलं. असले डबे काही फेकत नाहीत, टाकलेलं अडगळीत ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. अर्ध्या तासाने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये सगळं सापडलं. तिच्या अर्धवट, पाऊण, पुऱ्या फायली, ऑफिसातल्या सहाही जणांच्या फायलींत मिसळलेल्या, डब्याने स्वतःच्या आकड्यांनी नावं ठेवलेल्या. शेकडो. आणि झाडून सगळ्यांवर तारीख एकच, बारा सप्टेंबर. कालची कुठली, परवाची कुठली, देवालाच माहीत.

"ताई," साक्षी म्हणाली, "काल गुलाबी होता."

तेजस्विनी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने यंत्राला एकेक रंगाचं नाव शोधायला सांगितलं. पिवळा आला, हिरवा आला, राखाडी आला. रविवारच्या केशरीला सुट्टी. पांढरा, लाल, निळा. आणि शेवटी कालचा गुलाबी. आठशे बारा ओळी, एकही कमी नाही. तिने साक्षीला एवढ्या जोरात मिठी मारली की बिचारीचा चष्मा खाली पडला.

साडेअकराला खाली मशीनवर बेदाणे धावले. फुंकर नेमकी बसत होती. सर खूश झाले, मूठभर निवडलेले बेदाणे उचलून तोंडात टाकले. "वा! मला माहीत होतं, तू करशील."

"सर, पाकीट..."

"अगं हो, आधी पूजा तर होऊ दे."

ती पुन्हा वर गेली. साक्षी ताईच्या रोजच्या कामाच्या पायऱ्या वहीत लिहून घेत होती. "ताई, तुम्ही गेल्यावर ही तारीख अशीच राहू द्यायची ना?" तिने अगदी साधेपणाने विचारलं. तेजस्विनीला त्या वहीतली साक्षीची पुढची दोन वर्षं दिसली. तिने बारा सप्टेंबरवर नेणारी ती तजवीज सगळ्या यंत्रांतून काढून टाकली, खरी तारीख लावली, टूल एकेकावर उघडून पाहिलं. कुठेच उघडलं नाही. मग ती खाली पूजेला गेली.

लांब टेबलावर मायक्रोमीटर, पाने, छिन्न्या, लॅपटॉप मांडले होते, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सरांनी कपाटातून दोरीने बांधलेला खाकी पाकिटांचा गठ्ठा आणला आणि हत्यारांच्या मधोमध ठेवला. दरवर्षीच ठेवायचे. कंपनीचे काही महत्त्वाचे कागद असतील, असं तेजस्विनी समजत आली होती. गठ्ठा नेहमी झेंडूच्या माळेखाली झाकलेला असायचा. आज त्याच्या वाट्याला माळ उरली नव्हती. सगळ्यात वरच्या पाकिटावर निळ्या शाईत, तिच्याच अक्षरात, तिचं नाव होतं.

सरांनी त्याच्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली.

"सर, माझं पाकीट द्या."

"अगं, पुजलेलं हत्यार दसरा होईस्तोवर हलवत नाहीत. उद्या ऑफिस बंद. सोमवारी ये, निवांत बोलू." ते हसले. "आणि दिवाळीपर्यंत डाळिंबाच्या दाण्यांचं मशीनही करूनच टाक ना. एवढी काय घाई आहे?"

सगळे ऐकत होते. तेजस्विनी सरांकडे वळली.

"सर, अकबरकाका सकाळी शेजारचं ड्रिल परत देऊन आले. उसनं हत्यार पुजत नाहीत म्हणाले. हे कागद कंपनीचे नाहीत, माझे आहेत. आणि वरचं टूलही आपलं नाही. त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली. तारीख मागे नेऊन मीच ते चालवलं, चूक माझीच आहे. आता खरी तारीख लावून आलेय. ते उघडणार नाही, विकत घ्यावं लागेल."

"तू काय करून बसलीयेस, कळतंय का तुला?" सरांचं हसू प्रथमच गेलं. ते वळले. "काका, तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकेल ती."

अकबरकाकांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. तीस वर्षांची नोकरी होती. "साहेब," ते हळू म्हणाले, "मी तर ड्रिल देऊन आलो. आता मी काय सांगू?"

तेजस्विनी पुढे झाली आणि दोरीखालून आपलं पाकीट ओढून घेतलं. सरांचा हात अर्धवट उचलला गेला आणि तसाच खाली आला. ती दाराशी पोचली तेव्हा मागे साक्षी टेबलाशी गेली होती आणि दोरीची गाठ सोडत होती.

गेटवर मोबाईल घेताना तिने पाकीट उजेडात धरलं. आजच्या ओल्या कुंकवाखाली आणखी दोन ठसे होते, सुकून काळपट झालेले, एक गेल्या वर्षीचा आणि एक त्याच्या आदल्या वर्षीचा. त्या दोन्ही खंडेनवमींना ती त्याच टेबलासमोर ओळीत उभी होती, आणि सगळ्यांबरोबर डोळे मिटून, अगदी मनापासून, तिने हात जोडले होते.